अल्लीपूरची मूठ

गुरुवारची मोटर अल्लीपुरात शिरली की स्टँडवरची कुत्री भुंकायला लागायची आणि बौद्धपुऱ्यातल्या बाया चुलीवरची भाजी अर्धीकच्ची खाली उतरवायच्या. मोटरीतून ‘खडा सवाल’ यायचा ना! हिंगणघाटहून निघणारं चार पानांचं साप्ताहिक. अख्ख्या वस्तीत त्याची एकच प्रत यायची आणि वर्गणीदार म्हणून तिच्यावर नाव असायचं नत्थूचं. नत्थू बिचारा पक्का अक्षरशत्रू. वाचायची ती त्याची बायको, जयवंता.

जयवंता माहेरी चौथीपर्यंत शिकली होती. एरवी ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची, आणि चौथी पास झाली म्हणून बोंडं काही आपसूक ओटीत येऊन पडत नाहीत. पण गुरुवारी दिवेलागणीच्या आधी ती कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसली की मिशाळ म्हातारेसुद्धा पोरांच्या पाठीत धपाटे घालून म्हणायचे, “चूप रे पोट्टेहो! जयवंता वाचून राह्यली.” खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडायचं. ती नुसती वाचत नसे. पुढाऱ्याचं भाषण आलं की पुढाऱ्यासारखी मान ताठ करायची आणि त्याखाली संपादकाचा शेरा आला की एक भुवई वर न्यायची. आवाज असा खणखणीत की पार विहिरीपर्यंत ऐकू जावा.

कुंपणापलीकडे गल्लीत कुणब्यांच्या चारदोन बायाही असायच्या. ऐकायला नव्हे हो! म्हैस शोधायला. आनंदाबाईंची म्हैस तर दर गुरुवारी नेमकी त्याच वेळी हरवायची आणि शेवटचं पान संपलं की सापडायची. म्हशीला वार कसा कळतो, असं बौद्धपुऱ्याने त्यांना कधी विचारलं नाही. तीन महिन्यांपूर्वी सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, तेव्हापासून गावाशी बोलणंचालणं जरा जपूनच चाललं होतं. अशा वेळी कुणी कान देत असेल तर तो कशाला तोडायचा?

आणि कान द्यावा असंच ते लिहिणं होतं. सत्तावन्न सालची निवडणूक तोंडावर आलेली. गावाचं गायरान बड्या लोकांनी नांगरून आपापल्या वावरात ओढलं होतं. गुरांना चरायला जागा उरली नव्हती, मग गुरं कुणब्यांची असोत की बौद्धपुऱ्यातली. ‘खडा सवाल’चा संपादक प्रेमदास दोन्ही उमेदवारांना दर आठवड्याला पहिल्या पानावर एकच विचारायचा, गायरानाचं काय? आणि दोन्ही उमेदवार दर आठवड्याला तोंडात गुळणी धरून बसायचे. लोकांना त्यात भारी मजा यायची.

त्या गुरुवारी मात्र पहिल्या पानावरचा सवाल उमेदवारांना नव्हता. वाचकांना होता.

“वाचकहो,” जयवंता वाचू लागली, “आमच्या जाहिराती बंद झाल्या आहेत. का, ते तुम्ही जाणताच. एका भल्या गृहस्थाने मतदान होईपर्यंतचा सगळा खर्च देऊ केला आहे. अट एवढीच, की गायरानाचं नाव काढायचं नाही. आम्ही नको म्हटलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून आम्हाला कुणा एकाची पोळी नको, तुम्हा सगळ्यांचा एकेक घास हवा. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळे होऊ नका. थोडं द्या, पण देत राहा, महिन्याच्या महिन्याला देत राहा. पेपर एकदा जेवला म्हणजे जन्मभर पोट भरलं, असं होत नाही. हे जमलं नाही, तर पुढचा अंक शेवटचा.”

‘शेवटचा’ म्हणताना तिचा आवाज चिरकला. वस्तीने तिचा आवाज असा चिरकलेला कधी ऐकला नव्हता.

“मंग देऊन टाका ना वर्गनी,” वस्तीतले वडीलधारे डोमाजी म्हणाले. “लगनाले देतो, मयतीले देतो. एक डाव घरोघरी फिरू अन् देऊन टाकू. झालं.”

“एक डाव नाई डोमाजीबावा. दर महिन्याले.”

“दर महिन्याले?” डोमाजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढून पुन्हा बांधला. “अवो, हा पेपर हाय का सरकारचा सारा? वेचनीचे पैसे बाजाराच्या दिवशी येते अन् बाजारातच जाते. महिन्याच्या महिन्याले कोनाच्या हातात काय रायते?”

खरंच होतं ते.  जयवंता हातातल्या पेपरकडे बघत राहिली आणि तिला रडू आलं. पेपर बंद म्हणजे गुरुवार बंद. गुरुवार बंद म्हणजे ओट्यावरची जयवंता बंद, मग उरली ती नत्थूची बायको, धुरपताची सून आणि वेचणीला येणारी एक बाई. गायरान तर जाईलच, पण हेही जाईल. गायरानाबरोबर आपण स्वतःसाठीही रडतो आहोत याची तिला जरा लाज वाटली, पण रडू काही त्याने थांबलं नाही.

तेव्हा तिची सासू धुरपता बोलली. धुरपता म्हणजे तोंडाने फटकळ. सुनेच्या बाजूने बोलायची तिची ही बहुधा पहिलीच वेळ.

“रडून काऊन राह्यली व? मूठ काढू ना.”

“कोनती मूठ, आत्याबाई?”

“अवो, पोतराज यायचा, गोसावी यायचा. त्याईच्यासाठी दोन्ही टाइमाले, चुलीवर चढवाच्या आंधी, एक मूठ गाडग्यात काढून ठेवाची का नाई? नागपूरहून आलो, देव बांधून नदीत सोडले, तवापासून ते मूठ बंद. पन हाताले कोन सांगन? माहा हात अजूनबी रोज गाडग्याकडे जाते अन् तसाच वापस येते. तेच मूठ पेपराले देऊ. महिन्याले कायले, रोज देऊ!”

 मग एकच गलका उडाला. प्रत्येकीला आपलं माळ्यावर टाकलेलं गाडगं आठवलं. डोमाजी म्हणाले, हे तर मी म्हणणारच होतो. आणि कुंपणापलीकडून आनंदाबाईंचा आवाज आला, “आमच्याइकडेबी काढतो मूठ, सांगजो त्या पेपरवाल्याले. गायरान का एकट्या तुमचंच हाय?” मग आपण म्हैस शोधायला आलो होतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हॅट्‌ हॅट्‌ करत निघून गेल्या.

जयवंताने त्याच संध्याकाळी प्रेमदासला कार्ड लिहिलं. अंक बंद करू नका, अल्लीपूर मूठ देते.

त्यानंतर गावाला जे वेड लागलं, ते विचारू नका. सकाळ-संध्याकाळ चूल पेटली की घराघरातून आवाज, “मूठ काढली का व?” शेजारीण शेजारणीच्या गाडग्यात डोकावून बघायची आणि तिचं जास्त भरलेलं दिसलं की घरी जाऊन आपली मूठ मोठी करायची. नवरे म्हणायचे, भाकरी लहान झाली. बायका म्हणायच्या, पेपर ऐकता ना फुकट? थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण कुठल्या तळ्याला इतकी घाई झालेली कुणी पाहिली नसेल. कुणब्यांच्या गल्लीतही घरोघर गाडगी बसली. सासऱ्यांनी विचारलं तर ‘पाखरांसाठी’ असं सांगायचं ठरलं होतं.

पुढच्या गुरुवारी मोटरीतून पेपर उतरला आणि त्याच्या मागोमाग खुद्द प्रेमदास उतरला. हडकुळा माणूस, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, बोटं शाईने काळी. त्याला याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण वस्तीने त्याला असं घेरलं की नवरदेव आल्यासारखं वाटावं.

“जयभीम! जयवंताबाई कोन?” त्याने विचारलं.

जयवंता पुढे झाली. त्याने अंक उघडून तिच्यापुढे धरला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: अल्लीपूरच्या जयवंताबाई कळवतात, अंक बंद करू नका, अल्लीपूर मूठ देते. तिने ते एकदा मनात वाचलं, पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचायला गेली तर आवाजच फुटेना. स्वतःचं नाव कसं वाचायचं असतं, ते चौथीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

“अण्णाजी पुन्हा आलते,” प्रेमदास भराभर सांगू लागला. अण्णाजी म्हणजे हिंगणघाटचे धान्याचे अडते, उमेदवारांपैकी एकाचा उजवा हात. पेपराचा खर्च देऊ करणारे भले गृहस्थ ते हेच. “मी म्हटलं, आता अल्लीपूर देते. तुमची गरज नाई. ते हासत गेले. आता असं हाय जयवंताबाई, पुढच्या अंकाचे अक्षरांचे खिळे जुळवून तयार हायेत. पन छापखाना माहा नाई, चंद्रभानजींचा हाय. अन् हे लगनाचे दिवस. लोकं पत्रिका छापाले रांग लावून हायेत. ते म्हनते, बाजाराच्या दिवशी सांजपर्यंत छपाई दे, नाई तं तुहा अंक सोडून त्याच खिळ्यांनी मी पत्रिका जुळवतो. एकदा खिळे सोडले का अंक गेला.”

“बाजाराच्या दिवशी दाने घेऊन येतो,” जयवंता म्हणाली. “सांज व्हाच्या आंधी.”

“नक्की?”

“पेपरात छापून आलं ना,” धुरपता म्हणाली. “आता खोटं कसं होईन?”

बाजाराच्या दिवशी पहाटे नत्थूच्या बंडीभोवती जत्रा लोटली. जो तो आपलं गाडगं घेऊन धावत आला आणि पोत्यात रिकामं करून मोकळा झाला. आनंदाबाईंनी आपल्या गल्लीचं सगळं एका टोपल्यात झाकून आणलं आणि स्वतःच्या हाताने ओतलं. एक पोतं गच्च भरलं, दुसरं अर्ध्याहून वर गेलं. अजून नीट उजाडलंही नव्हतं. नत्थूने सुतळीने तोंडं शिवून टाकली आणि बैलांची शेपटी पिरगाळली. बंडीत जयवंता, धुरपता आणि पोती. आनंदाबाईंनाही हिंगणघाटला नेमकं त्याच दिवशी मिरची घ्यायची होती, तेव्हा त्याही मागल्या दांडीवर पाय सोडून बसल्या. वाटभर जयवंता मनातल्या मनात नाचत होती. कापसाच्या बंड्या पुढेमागे चालल्या होत्या आणि त्यांच्यावरचे गडी हिच्या पोत्यांकडे बघून विचारत होते, काय हाय? पेपर हाय, पेपर! असं ही ओरडून सांगायची.

धान्य विकायचं तर अडत्याकडेच जावं लागतं, आणि अडत्यांच्या ओळीत पहिलं दुकान अण्णाजींचं. नत्थूने बंडी त्याच्याही पुढे काढली, पण अण्णाजी गादीवरून उठून स्वतःच बाहेर आले. त्यांनी आपली पोकळ लोखंडी सळी पोत्यात खुपसली, बाहेर ओढली आणि दाणे तळहातावर घेतले.

मग ते हसू लागले. असे हसले की शेजारच्या दुकानांतले हमालही बघायला आले.

“हे काय हो बाई? जवारी हाय, तूर हाय, तांदूळ हाये. हे मूग. अन् हे काय, मिरची? वा! यात मीठबी दिसते!”

जयवंताने पोत्याची शिवण तोडली आणि आत हात घातला. वर आली ती सगळ्या गावाची चूल. ज्वारी, गहू, तूर, लाखोळी, पोपटाचे म्हणजे वालाचे दाणे, तांदळाची कणी, मधेच एक लाल मिरची. तिच्या अंगातली सगळी हवा गेली.

“आत्याबाई... हे असं कसं?”

“कसं म्हंजे?” धुरपताला कळेचना. “मूठ म्हंजे चुलीवर जे चढन त्याची मूठ! पोतराजाले का आपन रोज जवारीच घालत होतो? जवा डाय शिजवाची तवा डाय, जवा भात तवा तांदूळ. तू म्हनली मूठ काढा, आमी मूठ काढली. जवारीची काढा म्हनली असती तं जवारीची काढली असती.”

चूक कुणाचीच नव्हती, आणि असली चूक फार वाईट. चोर असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

“कोंबड्यायले टाका,” एक अडत्या म्हणाला. “हे मंडीत कोनी घेनार नाई.”

“मी घेतो,” अण्णाजी म्हणाले. आता ते हसत नव्हते. मायेने बोलत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. “जवारीच्या भावानं घेतो, दोन्ही पोते. तुमच्या गावाची मेहनत कायले वाया घालवाची? फक्त प्रेमदासले सांगा, मतदान होईपर्यंत ते गायरानाचं जरा बाजूले ठेव. बाकी तुहा पेपर, तुहं राज.”

खरं सांगायचं तर जयवंताला क्षणभर वाटलं, द्यावं. आपलं नाव छापून आलंय. सांज व्हायच्या आत पैसे द्यायचेत. गावात कुणाला काय कळणार आहे? मग तिने अण्णाजींच्या तळहातावरचे ते दाणे पाहिले. त्यात कुणाची तरी तूर होती. सासऱ्याला ‘पाखरांसाठी’ असं सांगून काढलेली. तिला एकदम असा राग आला की कानशिलं तापली.

“दाने इकाले आनले, अण्णाजी,” ती म्हणाली. “सवाल नाई आनला इकाले. बंडी हाना हो!”

नत्थूने बंडी हाणली. पण हाणून जायचं कुठे? भाजीबाजार ओलांडून, जिथे बुरुडांच्या बाया सुपं आणि टोपल्या मांडून बसतात, तिथे बाभळीखाली बैल आपोआप थांबले.  जयवंता चाकाला टेकून उभी राहिली. छापखान्यात आता अक्षरं मोडतील. तिथे अमुक अमुक यांचे सुपुत्र यांचा शुभविवाह, असं जुळेल. हेच तिच्या डोळ्यांपुढे येत होतं.

धुरपताने मात्र बंडीतून घोंगडं ओढलं, जमिनीवर अंथरलं, पोत्यातून ओंजळभर दाणे काढले आणि मांडी घालून निवडायला बसली.

“काय करून राह्यल्या, आत्याबाई?”

“निवडून राह्यली. जनमभर दुसरं काय केलं?”

“दोन पोते! सांजपर्यंत!”

“मंग उभी काऊन हायस?”

एकटीने दोन पोती निवडायची म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. पण समोर सुपं विकायला बसलेल्या तानाबाईला ते बघवेना. “अवो बाई, हातानं कधी होईन ते? हे घ्या सूप. पाखडून दाखवा, म्हंजे घेनारीलेबी समजन सूप कसं हाय.” तिने एक सूप दिलं, मग दुसरं, मग शेजारणीकडून मोठी चाळणी आणली. चाळणीत ज्वारी खाली गेली, तूर आणि पोपट वर राहिले. थोडं थोडं जमू लागलं.

आनंदाबाई अजून बंडीपाशीच उभ्या होत्या. घोंगड्यावर धुरपता बसली होती आणि भर बाजारात चार ओळखीची माणसं बघत होती. त्यांनी एकदा पदर सावरला, एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग तरातरा आल्या आणि धुरपताच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

“माही तूर मी वळखतो,” त्या कुणालाही न विचारता म्हणाल्या. “घरच्या वावराची हाय. दुसरीले नाई जमाची.”

इतक्यात गर्दीतून वाट काढत प्रेमदास धावत आला. मंडीतली गोष्ट त्याच्या कानावर पोचली होती. हातात एक ओलसर कागद होता, पहिल्या पानाचा, चुका तपासायला काढलेला. “जयवंताबाई, राहू द्या,” तो म्हणाला. “मी चंद्रभानजीचे पाय धरतो.”

 जयवंता सूप उचलायला खाली वाकली, तर धुरपताने तिच्या हातावर चापट मारली.

“तू काऊन हात घालून राह्यली? तो कागद घे अन् वाच. न ऐकता निवडाचं म्हंजे जीव नाई लागत.”

आणि जयवंता बंडीवर चढली. तिने आजवर कडुनिंबाखाली वाचलं होतं, आपल्या माणसांत. इथे सारं हिंगणघाट लोटलेलं.  पण पहिली ओळ तोंडातून बाहेर पडली आणि तिचा तो विहिरीपर्यंत जाणारा आवाज भाजीबाजारावरून पार पलीकडे गेला. “खडा सवाल! अल्लीपूर विचारते, गायरानाचं काय?”

कांदे तोलणारीचा हात थांबला. जिनिंगमध्ये कापूस फोडणाऱ्या बाया दुपारच्या सुट्टीत मीठमिरची घ्यायला आल्या होत्या, त्या थबकल्या. आमच्या गावचंबी गायरान गेलं, एक म्हणाली. आमच्याबी, दुसरी म्हणाली. ऐकायला उभं राहायचं तर हात रिकामे कशाला ठेवायचे? एकीने बसून ओंजळभर दाणे पुढ्यात ओढले. तिच्या शेजारी दुसरी बसली. तानाबाईची निम्मी सुपं दुकानातून उठून घोंगड्याभोवती आली. जयवंता पुढाऱ्यासारखी मान ताठ करून वाचत होती, संपादकाच्या शेऱ्यावर भुवई उडवत होती. बायका हसत होत्या, पाखडत होत्या, फोलपटं उडत होती, आणि ज्वारीचा ढीग हळूहळू वर येत होता. तुरीचा वेगळा, तांदळाचा वेगळा. मिरच्यांचासुद्धा एक छोटासा.

“आणि अखेर,” जयवंता वाचत होती, “दोनपैकी एका उमेदवाराने आमच्या सवालाला लेखी उत्तर धाडलं आहे. ते उत्तर असं...”

ती थांबली.

“पुढे?” एकदम चहूकडून आवाज आला.

“पुढलं दुसऱ्या पानावर हाय.” तिने कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी. “दुसरं पान चंद्रभानजीच्या छापखान्यात अडकून हाय. हे दाने इकले जातीन तवा निंघन!”

आता असं आहे की बाईमाणसाची गोष्ट अर्ध्यात सोडून तिला स्वयंपाकाला घरी पाठवणं हा मोठा अपराध. अशी खळबळ उडाली म्हणता! “माप आना!” “मले तूर पाहिजे!” “जवारी निवडलेली हाय, घ्या व, घरी निवडाची कटकट नाई!” ज्यांनी निवडलं त्यांनीच पदर पसरून विकत घेतलं. मागे एक पुरुष कुजबुजला, कोणाकोणाच्या हातचं आहे हे. आनंदाबाईंनी मान न वळवता त्याला सांगितलं, “माह्या हातचं हाय. नोको असन तं सरक, मांगे गिऱ्हाईक उभं हाय.” प्रेमदास डोक्यावरची टोपी काढून तिच्यात पैसे घेऊन छापखान्याकडे पळाला, परत आला, पुन्हा पळाला.

उन्हं कलली तेव्हा घोंगड्यावर फक्त खडे आणि फोलपट उरलं होतं. आणि छापखान्यातून तो आवाज येऊ लागला, खडक्‌-धप्प, खडक्‌-धप्प. जयवंताने मशीन कधी पाहिलं नव्हतं, पण ते कशाचं आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती दाराशी जाऊन उभी राहिली. चंद्रभानजींनी कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवून पहिली ओली प्रत तिच्या हातात दिली. रस्त्यावर बायकांचा घोळका वाट बघत होता.

“वाच व! काय उत्तर दिलं त्यानं?”

तिने दुसरं पान उघडलं. “उमेदवार म्हणतात, मतदान झाल्यावर सांगू.”

अख्खा रस्ता असा हसला की अण्णाजींच्या दुकानापर्यंत नक्की ऐकू गेलं असेल.

मग पुढचा आठवडा जयवंताने एकाच कामात घालवला. ती दोन्ही वस्त्यांत घरोघर फिरली आणि हात जोडून सांगत सुटली, बाई, यावेळी ज्वारीच घाला. निव्वळ ज्वारी. पुन्हा तसली फजिती नको. सगळ्यांनी मान हलवली. आनंदाबाईंनी तर कानाला हात लावून कबूल केलं. बाजाराच्या दिवशी नव्या अंकाचा तपासायचा कागद घ्यायचा म्हणून जयवंता मोटरीने पुढे गेली, आणि पोती भरायचं काम सासूवर सोपवलं.

ती कागद घेऊन बाभळीखाली आली तर बंडी येऊन लागली होती. घोंगडं अंथरलेलं. तानाबाईने सुपं एका ओळीत मांडून ठेवलेली, आणि विकायचीच असं काही तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. जिनिंगच्या बाया, कांदेवाली, आणखी कितीतरी अनोळखी बाया गोल धरून बसल्या होत्या. जयवंताने पोत्यात हात घातला आणि वर काढला.

ज्वारी. तूर. तांदूळ. मूग. लाखोळी. मागच्यापेक्षा जास्तच मिसळलेलं.

“आत्याबाई!” ती ओरडली. “घरोघरी पाया पडून सांगतलं व्हतं ना! एवढी साधी गोष्ट...”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात जिनिंगची एक बाई उठली. मागच्या बाजाराला ती नुसती ऐकून गेली होती. तिने पदराची गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ त्याच पोत्यात टाकले. तिच्या मागून दुसरी आली, हातात मूठभर हरभरा. मग कांदेवाली. पोत्याजवळ ओळच लागली.

“निव्वय जवारी आनली असती,” धुरपता खाली बसत म्हणाली, “तं घटकाभरात इकून मोकये झालो असतो. मंग ह्या बाया बसल्या असत्या काय? अन् तू वाचलं असतं कोनाले?”

आनंदाबाई पदराआड तोंड लपवून हसत होत्या.

जयवंताने डोळे पुसले. “सरका जराशा,” ती म्हणाली आणि त्यांच्या मधोमध बसून पहिलं पान वाचू लागली.